शिक्का आणि कारागीर : हस्तनिर्मित घडीच्या चाकूंच्या संग्रहाचा ऐतिहासिक विचार

१

इतिहासाच्या साधनांत कागदपत्रे, शिलालेख आणि नाणी ह्यांना जे स्थान प्राप्त झाले आहे, ते रोजच्या वापरातील हत्यारांना क्वचितच मिळते. शिलालेखाचे वाचन होते. तो ज्या छिन्नीने कोरला गेला तिची चौकशी सहसा होत नाही. खिशात बाळगावयाचा घडीचा चाकू, म्हणजे ज्याचे पाते मिटून मुठीच्या खाचेत बसते असा चाकू, हे अशा उपेक्षित साधनांचे एक चांगले उदाहरण होय. शेतकरी, खलाशी, कारकून, शाळकरी मुलगा अशा सर्वांच्या खिशात राहिलेली ही वस्तू झिजून गेली, हरवली किंवा मोडीत निघाली. तिच्याविषयी लिहून ठेवावे असे फारसे कोणाला वाटले नाही.

तथापि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, विशेषतः अमेरिकेत, हाच चाकू संग्राहकांच्या आस्थेचा विषय झाला. एका कारागिराने स्वतःच्या हाताने, बहुधा मागणीवरून, घडविलेल्या एकेका चाकूस आज हजारो डॉलर किंमत येते. असा चाकू हाती घेणारा संग्राहक पहिला प्रश्न विचारतो तो ‘हा कोणी केला?’ हा होय. पाते कसे कापते हा प्रश्न मागाहून येतो, आणि पुष्कळदा येतच नाही.

प्रस्तुत लेखाचा विषय हा पहिला प्रश्नच आहे. ज्या शेफील्ड नगरात घडीच्या चाकूंची कला परमावधीस पोहोचली, तेथे दीडशे वर्षांपूर्वी ह्या प्रश्नाचे उत्तर सहसा मिळाले नसते. पात्यावर शिक्का होता, परंतु तो करणाऱ्याचा नव्हता. अमेरिकेतील हस्तनिर्मित चाकूंच्या चळवळीने शिक्का आणि कारागीर ह्यांची गाठ घालून दिली. ह्या बदलाने इतिहासकाराच्या हाती काय आले आणि त्याच्या दृष्टीआड काय गेले, ह्याचा विचार येथे करावयाचा आहे.

२

घडीचे चाकू फार प्राचीन आहेत. रोमन काळातील असे चाकू युरोपात अनेक ठिकाणी उपलब्ध झाले असून, केंब्रिजच्या फिट्झविल्यम संग्रहालयात चाकू, काटा, चमचा इत्यादी उपकरणे एकाच मुठीत मिटणारी रोमन काळातील एक चांदीची वस्तू प्रसिद्ध आहे. परंतु आपण आज ज्याला खिशातील चाकू म्हणतो, त्याचे खरे वैशिष्ट्य त्याच्या पाठीतील पोलादी कमानीत आहे. पात्याच्या बुडख्यावर ही कमान सतत दाब देत असते. पाते पूर्ण उघडले किंवा पूर्ण मिटले म्हणजे बुडख्याची सपाट बाजू कमानीखाली येते आणि पाते त्या जागी स्थिर होते. मधल्या स्थितीत मात्र ते कमानीच्या जोराविरुद्ध फिरते. कमान अधिक कडक झाली तर नख मोडते, सैल झाली तर पाते डुलते. पाते, कमान आणि आतील पितळी पत्रे ह्यांचा मेळ कानसेने जमवावा लागतो. त्यातील सूक्ष्म फरक मापाच्या आधी हाताला आणि कानाला कळतो. जाणकार संग्राहक चाकू उघडताना होणारा ‘टक’ असा आवाज ऐकतो, तो ह्याच कारणाने.

शेफील्डची कीर्ती चौदाव्या शतकाच्या अखेरीस इतकी पसरली होती, की चॉसरने आपल्या एका कथेतील गिरणीवाल्याच्या मोज्यात शेफील्डचा चाकू खोचलेला दाखविला आहे. वाहत्या ओढ्यांवर फिरणाऱ्या पाणचक्क्या आणि सहाणेस योग्य असा वालुकाश्म ह्या दोन गोष्टी तेथे निसर्गतःच उपलब्ध होत्या. इ. स. १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने ‘कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशर’ ही कारागिरांची संस्था स्थापन झाली. उमेदवारांना शिक्षण देणे, मालाचा दर्जा राखणे आणि प्रत्येक स्वतंत्र कारागिरास त्याचा स्वतःचा शिक्का नेमून देणे ही तिची कामे होती.

ह्या आरंभीच्या व्यवस्थेत शिक्का ही कारागिराची सही होती हे लक्षात घेतले पाहिजे. परंतु शिक्का ही मालमत्ताही होती. तो वारशाने जाई, भाड्याने दिला जाई, विकला जाई. जॉर्ज वोस्टनहोम ह्यांच्या पेढीचा ‘आय-एक्स-एल’ हा जगप्रसिद्ध शिक्का मुळात अठराव्या शतकाच्या अखेरीस दुसऱ्याच कोणास मिळालेला होता. वोस्टनहोमांकडे तो पुढच्या शतकात आला. १८१४ साली संस्थेचे सभासद नसलेल्यांनाही हा धंदा करण्याची मोकळीक मिळाली. व्यापार वाढला, अमेरिकेची बाजारपेठ उघडली, आणि हळूहळू शिक्का कारागिराच्या हातून सुटून पेढीच्या हाती गेला. जोसेफ रॉजर्स अँड सन्स ह्या पेढीचा तारा आणि माल्टाचा क्रूस हा शिक्का जगभरच्या बाजारांत उत्तम पोलादाची हमी मानला जाऊ लागला. ती हमी खरी होती. परंतु ती देणारे नाव एक आणि काम करणारे हात दुसरे, अशी स्थिती झाली.

३

हे हात कोणाचे होते? शेफील्डच्या भाषेत त्यांना ‘लिट्ल मेस्टर’ म्हणजे लहान उस्ताद असे नाव होते. हे लोक अर्धे स्वतंत्र आणि अर्धे परतंत्र असत. कारखान्यात किंवा एखाद्या आवारात खोली भाड्याने घ्यावयाची, चक्कीवरील जागेचे भाडे भरावयाचे, एकदोन उमेदवार हाताशी ठेवावयाचे आणि पेढीकडून नगावर काम घ्यावयाचे, असा हा क्रम होता. एका चाकूच्या सिद्धीस किमान तीन प्रकारचे कारागीर लागत. घडणारा लोहार पाते तापवून ठोकी. शिकलगार ते सहाणेवर घासून धारेस आणी. आणि जुळणी करणारा कमान, पत्रे, पाते व मूठ एकत्र बसवी. ह्यांपैकी कोणाचेही नाव तयार वस्तूवर येत नसे.

शिकलगाराच्या वाट्याला ह्या अनामिकतेशिवाय आणखी एक गोष्ट येई. सहाणेवर पोलाद घासताना उडणारी दगडाची व धातूची धूळ फुप्फुसात जाऊन जो रोग होई, तो शेफील्डमध्ये ‘शिकलगारांचा दमा’ म्हणून ओळखला जात होता. डॉ. आर्नोल्ड नाइट ह्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ह्या रोगाची पाहणी केली. कोरड्या सहाणेवर जेवणाचे काटे घासणारे कामगार २८ ते ३२ ह्या वयात मरत. काही काम कोरडे व काही ओले करणारे वस्तऱ्यांचे शिकलगार ४० ते ४५ पर्यंत जगत. आणि केवळ ओल्या सहाणेवर काम करणारे ४० ते ५० च्या दरम्यान जात, असे त्यांना आढळून आले. डॉ. जॉर्ज कॅल्व्हर्ट हॉलंड ह्यांनी १८४३ साली ह्याच विषयावर विस्ताराने लिहिले आणि १८४५ मध्ये एंगेल्स ह्यांनी इंग्लंडमधील कामगारवर्गावरील आपल्या ग्रंथात ह्या निरीक्षणांचा उपयोग केला. धूळ ओढून घेण्याची साधने सुचविली गेली, तेव्हा काही कामगारांनीच त्यांना विरोध केला. माणसे अधिक जगली तर कामास हात अधिक होतील आणि मजुरी उतरेल, अशी त्यांना भीती होती. संग्राहकाच्या मखमली पेटीतील एकोणिसाव्या शतकातील चाकू पाहताना हा हिशेब विसरून चालणार नाही.

ह्याच काळात शेफील्डच्या पेढ्या प्रदर्शनासाठी म्हणून चाकू करवून घेऊ लागल्या, आणि संग्रहणीय चाकूची पहिली पायरी येथे आढळते. रॉजर्स पेढीने १८२२ पात्यांचा ‘वर्ष-चाकू’ त्या सालच्या अंकास अनुसरून करविला आणि पुढे त्यात पात्यांची भर पडत गेली. १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनासाठी ह्याच पेढीने केलेला ७५ पात्यांचा व हत्यारांचा ‘नॉर्फोक चाकू’ शेफील्डच्या कटलर्स हॉलमध्ये जतन केलेला आहे. ह्या वस्तू कोणत्याही खिशात मावत नाहीत आणि कापण्यासाठी त्या केलेल्याही नाहीत. कमानीची जुळणी एका मुठीत कोठवर नेता येते, हे दाखविणे एवढेच त्यांचे प्रयोजन. कौशल्याचा एवढा मोठा पुरावा क्वचितच मिळेल. परंतु जनतेपुढे तो पेढीच्या नावानेच आला आणि आजही तो त्याच नावाने ओळखला जातो.

शिक्क्याला मोल आले की त्याची नक्कलही सुरू होते. जर्मनीतील हलका माल ‘शेफील्ड’ अशी अक्षरे उमटवून विकला जातो अशी तक्रार वाढल्यामुळे १८८७ साली इंग्लंडमध्ये मालावरील खुणांविषयी कायदा झाला. १८९० च्या मॅकिन्ले जकात कायद्याने अमेरिकेत येणाऱ्या मालावर त्याच्या देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. त्याच कायद्याच्या भारी जकातीने शेफील्डच्या अमेरिकी व्यापारास मोठा धक्का दिला. इतिहासकाराच्या दृष्टीने ह्या कायद्यांचा एक अनपेक्षित लाभ असा, की अमेरिकेत गेलेल्या चाकूच्या पात्यावर ‘इंग्लंड’ हा शब्द असल्यास तो चाकू सामान्यतः १८९० नंतरचा ठरविता येतो. नाण्यांच्या बाबतीत टांकसाळीच्या चिन्हाने जे साधते, तेच येथे जकातीच्या नियमाने साधले आहे.

४

अमेरिकेत चाकूंचे कारखाने वाढले आणि घडीचे चाकू यंत्रावर मोठ्या संख्येने निघू लागले. ह्या यंत्रोत्पादनाच्या भर काळातच एकट्याने काम करणारे काही कारागीर पुढे आले. मिशिगन राज्यातील विल्यम स्केगल (१८७३–१९६३) हे त्यांतील आद्य मानले जातात. त्यांचा एक चाकू पाहून फ्लॉरिडातील डब्ल्यू. डी. रँडल ह्यांनी १९३७ च्या सुमारास चाकू करण्यास आरंभ केला. रँडल ह्यांचा चाकू हवा असल्यास महिनोन्‌महिने थांबावे लागते असे कळल्यावरून रॉबर्ट लव्हलेस (१९२९–२०१०) ह्यांनी १९५४ मध्ये स्वतःच चाकू घडविला, ही हकीकत ह्या क्षेत्रात सर्वश्रुत आहे. ह्या तिघांची कीर्ती मुख्यतः न मिटणाऱ्या शिकारी चाकूंवर उभी आहे. परंतु कारागिराच्या नावाने वस्तू मागण्याची आणि तिच्यासाठी थांबण्याची रीत त्यांच्यापासून रूढ झाली, म्हणून त्यांचा उल्लेख येथे आवश्यक आहे. १९७० मध्ये अशा कारागिरांनी ‘नाइफमेकर्स गिल्ड’ ही आपली संस्था स्थापन केली. तीन शतकांपूर्वीच्या शेफील्डच्या संस्थेशी तिचे नाते केवळ नावापुरते नाही. शिक्का करणाऱ्याच्या हाती असावा, हे जुने तत्त्व तिच्या रूपाने पुन्हा वर आले.

दरम्यान कारखान्यातील चाकूंच्या संग्रहानेही ह्या क्षेत्राची मशागत केली होती. पेनसिल्व्हेनियातील डब्ल्यू. आर. केस अँड सन्स ह्या कारखान्याने १९६५ च्या सुमारास आपल्या शिक्क्यात देशाचे नाव घातले आणि १९७० पासून शिक्क्याखाली दहा ठिपके देऊन दरवर्षी एकेक ठिपका कमी करण्याची पद्धत सुरू केली. शिक्का बदलणार हे कळताच जुन्या शिक्क्याचे चाकू लोक शोधून ठेवू लागले. पाते तेच, पोलाद तेच. निराळी होती ती फक्त खूण. शिक्का वाचण्याची सवय हजारो लोकांना अशा रीतीने लागली, आणि हस्तनिर्मित घडीच्या चाकूस त्यातून एक जाणता ग्राहक मिळाला.

ह्या ग्राहकाच्या आश्रयाने जी निर्मिती झाली तीत केवळ अलंकरण नव्हते. रॉन लेक ह्यांनी १९७० नंतरच्या दशकात मुठीची सबंध चौकट धातूची करून तिच्या खोबणीत शिंग किंवा हस्तिदंत बसविण्याची पद्धत पूर्णत्वास नेली. मायकेल वॉकर ह्यांनी १९८० च्या सुमारास पात्यास अडकविण्याची एक नवी योजना सिद्ध केली. मुठीच्या आतील पत्र्याचाच एक भाग चिरून वाकविला असता तो कमानीसारखा वागतो, आणि पाते उघडताच आत सरकून बुडख्यामागे बसतो. पाठीतील कमान त्यामुळे अनावश्यक झाली आणि पाते एका हाताने उघडणे व मिटविणे शक्य झाले. ह्या कल्पनेचे एक प्राथमिक रूप १९०६ च्या एका अमेरिकी पेटंटात आढळते. परंतु झीज आपोआप भरून काढणारी आणि बंद पात्यास नीट धरून ठेवणारी अशी तिची मांडणी वॉकर ह्यांची होय. दक्षिण आफ्रिकेतून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेल्या क्रिस रीव्ह ह्यांनी पुढे मुठीच्या टायटॅनियमच्या जाड बाजूलाच हे काम दिले. त्यांच्या प्रसिद्ध चाकूचे ‘सेबेंझा’ हे नाव झुलू भाषेतील ‘काम’ ह्या अर्थाच्या शब्दावरून घेतलेले आहे.

ह्या दोन्ही योजना नंतर जगभरच्या कारखान्यांनी उचलल्या. येथे एक गोष्ट विशेष नमूद करण्यासारखी आहे. शेफील्डमध्येही अशाच लहानमोठ्या सुधारणा कोणीतरी केल्या असल्या पाहिजेत. कमान अमुक जागी पातळ करावी, खिळ्याचे भोक अमुक अंतरावर घ्यावे, हे कोणाच्या तरी हाताने प्रथम ठरविले. परंतु ते पेढीच्या नावात विरून गेले. वॉकर आणि रीव्ह ह्यांच्या सुधारणांचा इतिहास आपल्याला नावासालासह सांगता येतो. ह्याचे एक प्रमुख कारण म्हणजे संग्राहकांनी नावाची विचारपूस केली.

५

संग्राहकाच्या पदरी हे श्रेय टाकल्यावर त्याच्या संग्रहाची साधन म्हणून परीक्षाही केली पाहिजे. ह्या परीक्षेत तीन दोष प्रामुख्याने आढळतात.

पहिला दोष निवडीचा. संग्रहात येतो तो न वापरलेला चाकू. पात्यावर सहाणेची मूळ चमक हवी, कमान कडक हवी, मुठीस ओरखडा नको. धार लावलेला चाकू संग्राहकाच्या लेखी उतरलेला असतो. परिणामी जे चाकू सर्वांत चांगले होते आणि म्हणून सर्वांत अधिक वापरले गेले, तेच संग्रहातून गळतात. झिजून निम्म्यावर आलेले पाते ते किती वर्षे, कशावर आणि कोणत्या हाताने चालले हे सांगते. कोऱ्या पात्यास ह्यांतील काहीच सांगता येत नाही. केवळ संग्रहांवरून घडीच्या चाकूचा इतिहास लिहिला, तर तो त्याच्या खरेदीचा इतिहास होईल, वापराचा होणार नाही.

दुसरा दोष नावाच्या अतिरेकाचा. ‘एकाच्या हातचा’ असे म्हटलेल्या चाकूतही अनेकांचे हात असतात. पोलाद गिरणीतून येते, त्याला पाणी देण्याचे काम काही वेळा बाहेर होते, मुठीवरील कोरीवकाम बहुधा दुसरा नक्षीकार करतो. खुद्द लव्हलेस ह्यांच्या कर्मशाळेत प्रथम स्टीव्ह जॉन्सन आणि पुढे दीर्घकाळ जिम मेरिट ह्यांनी काम केले. जॉन्सन ह्यांच्या काळातील काही पात्यांवर दोघांचीही नावे आहेत. मेरिट ह्यांच्या प्रदीर्घ सहभागाची जाणीव मात्र जाणकारांपुरतीच राहिली. अनामिकता नाहीशी झाली असे म्हणण्यापेक्षा तिची सीमा थोडी मागे सरकली असे म्हणणे अधिक बरोबर होईल. आणि जेथे सर्व मोल नावात, तेथे खोटे नावही येणारच. शेफील्डच्या जुन्या शिक्क्यांप्रमाणे लव्हलेस ह्यांच्या शिक्क्याचीही नक्कल झालेली आहे.

तिसरा दोष साहित्यासंबंधीचा. संग्राहकाला हस्तिदंत, कासवाची पाठ, शिंपला, शिंग अशा मुठी प्रिय असतात. शेफील्डच्या गोदामांत हस्तिदंताचे ढीग पडलेले असत आणि भारतातील सांबरांची गळून पडलेली शिंगे चाकूंच्या मुठींसाठी दीर्घकाळ परदेशी जात असत. १९८९ च्या आंतरराष्ट्रीय निर्णयाने हस्तिदंताचा व्यापार थांबला, भारतानेही शिंगांची निर्यात बंद केली, आणि ब्रिटनचा २०१८ चा हस्तिदंतविषयक कायदा २०२२ पासून अमलात आला. हे निर्बंध योग्यच होत. परंतु त्यांच्यामुळे जुन्या मुठींची किंमत चढली, आणि नव्या मुठी जुन्या भासविण्याचा किंवा जुन्या मुठी नव्या पात्यांना बसविण्याचा मोह वाढला. म्हणून मुठीवरून काल ठरविताना अभ्यासकाने सावध असावे. शिक्का, जोड, साहित्य आणि झीज ही चारही लक्षणे परस्परांशी जुळत असतील, तेव्हाच साक्ष ग्राह्य धरावी.

६

शेफील्डच्या प्रसिद्ध पेढ्यांचा शेवट विसाव्या शतकात झाला. रॉजर्स आणि वोस्टनहोम ह्या एकेकाळच्या प्रतिस्पर्धी पेढ्या १९७१ मध्ये एकत्र आल्या आणि त्यानंतर त्यांच्या मागे शिक्केच तेवढे उरले. परंतु ह्याच पडत्या काळात एक लक्षणीय गोष्ट घडली. स्टॅन शॉ (१९२६–२०२१) ह्यांनी लहान वयात जॉर्ज इबर्सन ह्यांच्या पेढीत उमेदवारी केली आणि घडीचा चाकू आरंभापासून शेवटपर्यंत एकट्याने करण्याची जुनी विद्या आत्मसात केली. पुढे स्वतंत्रपणे काम करीत असताना त्यांच्या चाकूंवर त्यांचे स्वतःचे नाव आले. ते चाकू मिळविण्यासाठी जगभरचे संग्राहक वर्षानुवर्षे थांबत असत. उतारवयात ते शेफील्डच्या केलम आयलंड संग्रहालयात काम करीत आणि प्रेक्षक त्यांना पाहावयास येत. ज्या नगरात सहस्रावधी लहान उस्ताद निनावी गेले, तेथे त्या परंपरेतील अखेरच्यांपैकी एकाला नाव मिळाले. ते मिळण्यास परंपरा संपावी लागली, हे त्यातील शल्य होय.

आपल्याकडील परिस्थिती ह्याहून फार निराळी नाही. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयात अडकित्त्यांचा मोठा संग्रह आहे. अडकित्ता हेही खिळ्यावर फिरणारे, पात्याचे, हाताने घडविलेले हत्यार होय. दिनकर गंगाधर केळकर ह्यांनी १९२० च्या सुमारास सुरू केलेला आणि १९७५ मध्ये महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केलेला हा संग्रह नसता, तर घोडेस्वार, मोर, राघू अशा आकृतींत ओतलेले हे कारागिरांचे कौशल्य मोडीत वितळून गेले असते. केळकरांनी वस्तू वाचविल्या. परंतु त्या त्यांच्या हाती येईपर्यंत बहुतेकांच्या घडणाऱ्यांची नावे विरून गेलेली होती. पितळेवर शिक्का नव्हता, आणि वापरणाऱ्या घरातही ‘हा कोणी केला?’ असे कोणी विचारले नव्हते.

ह्या तुलनेतून जे कर्तव्य निष्पन्न होते ते स्पष्ट आहे. आपल्या गावोगावी लोहार, शिकलगार, तांबट अजून काम करीत आहेत, आणि त्यांची संख्या घटत आहे. त्यांच्या हातची वस्तू संग्रहात दाखल करताना तिच्याबरोबर करणाऱ्याचे नाव, गाव, कोणाकडे शिकला, कोणती हत्यारे वापरली आणि ह्या कामात आणखी कोणाचे हात लागले, एवढी नोंद अवश्य केली पाहिजे. शक्य असल्यास कोऱ्या वस्तूशेजारी तशीच एक झिजलेली वस्तूही ठेवावी. अमेरिकेतील संग्राहकाने हा प्रश्न हौसेपोटी आणि काही अंशी किमतीपोटी विचारला. इतिहासाच्या अभ्यासकाने तो कारागीर हयात असतानाच विचारावयास हवा. त्याच्या मागे राहिलेली वस्तू पुष्कळ काही सांगते, परंतु त्याचे नाव ती सांगू शकत नाही.